डिस्ट्रिब्युटेड फाइल सिस्टिमच्या क्लायंटमधला बग कसा काढायचा आणि मग कोड कसा साफ करायचा

नागपुरात व्हीएनआयटीतले असो की हिंगणा रोडच्या कॉलेजातले, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, काहीतरी करायचंय म्हणणारे पोट्टे नेहमी भेटतात आणि बहुतेकांची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते, कोडची ठेवण तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवली, स्पेस-टॅबच्या वॉर्निंग निघाल्या, त्या काढल्या, पॅच (म्हणजे केलेला बदल) पाठवला, झालं. त्यात वाईट काहीच नाही, पॅच पाठवायचा हात बसतो. पण एनएफएस, एसएमबी, सेफ (Ceph) या नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइल दाखवणाऱ्या फाइल सिस्टिम, त्यांचा जो क्लायंट, म्हणजे आपल्या मशीनकडची बाजू, कर्नलमध्ये असतो त्यात खरंच कामाचं काही करायचं असेल तर रस्ता वेगळा आहे, आणि तो अवघडही नाही, फक्त कुठून सुरू करायचं हे कोणी नीट सांगत नाही.

लस्टरचं उदाहरण आधी बघा. जगातल्या मोठमोठ्या सुपरकॉम्प्युटरवर चालणारी ही फाइल सिस्टिम, तिचा क्लायंट २०१३ साली लिनक्स ३.११ मध्ये स्टेजिंग डिरेक्टरीत आला. स्टेजिंग म्हणजे कोड अजून तयार नाही, साफ करून आत घेऊ. पुढची पाच वर्षं त्यावर ढिगाने क्लीनअप पॅच पडले, कितीतरी नवे लोक त्याच कोडवर शिकले, आणि तरी २०१८ साली ४.१८ मध्ये तो सगळा कोड काढून टाकला कारण स्टेजिंगच्या बाहेर जाण्यालायक तो कधी झालाच नाही. खरं डेव्हलपमेंट कर्नलबाहेरच्या दुसऱ्या ट्रीमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीत, चालू होतं, आणि ओळी सरळ करून रचना सरळ होत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आधी बग शोधा, तो एकट्या छोट्या पॅचमध्ये काढा, आणि तो काढताना जिथे जिथे कोड वाचायला त्रास झाला तिथेच क्लीनअप करा. त्या त्रासातूनच कळते की कुठली सफाई कामाची आहे.

आता बग शोधायचा कुठे? सरळ वाटेवर नाही. फाइल उघडली, वाचली, बंद केली, हे रोज हजारो लोक करतात, तिथले बग केव्हाच निघालेले आहेत. बग असतात ते सर्व्हरने उत्तर दिलं नाही, उशिरा दिलं, अर्धवट दिलं, किंवा उत्तर येऊन राहिलं होतं आणि तेवढ्यात युजरने कंट्रोल-सी दाबलं, अशा वेळी जो कोड चालतो त्यात. आपल्याकडे तर हे काही दुर्मिळ नाही, सिमेंट रोडसाठी खोदकाम सुरू झालं की फायबर तुटते, मे महिन्यात ४५ अंशाला लॅबमधला स्विच तापून रीस्टार्ट होते, लाइट जाऊन येते. लोकल डिस्कची फाइल सिस्टिम लिहिणाऱ्याला याचा एवढा विचार करावा लागत नाही, पण नेटवर्कवरच्या क्लायंटचा अर्धा कोड याच्यासाठीच असतो आणि तोच सगळ्यात कमी टेस्ट झालेला असतो.

पण त्याआधी, जे दिसून राहिलं ते बग आहे की नाही हे ठरवा. सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे नेट गेलं आणि एलएस कमांड अडकली, प्रोसेस डी स्टेटमध्ये गेली, म्हणजे उत्तराची वाट पाहत झोपून राहिली. एनएफएस डीफॉल्टला हार्ड माउंट असते, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत क्लायंट विचारतच राहणार, टीसीपीवर एकेका विनंतीसाठी ६० सेकंद थांबणार, माउंटच्या टाइमओ ऑप्शनमधले ६०० म्हणजे तेच कारण तो आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. हे मुद्दाम ठेवलेलं आहे. सॉफ्ट माउंट केलं तर प्रोग्रामला ईआयओ (वाचता-लिहिता आलं नाही) एरर मिळते, बरेच प्रोग्राम ती बघतच नाहीत, आणि फाइल अर्धवट लिहिलेली राहते. हे न समजता कोणी टाइमआउट कमी करायचा पॅच पाठवला तर तो परत येणारच. मात्र सर्व्हर परत आला, पिंग लागून राहिलं, आणि तरी प्रोसेस अडकलेलीच आहे, तर भाऊ, तो बग आहे, त्याला सोडू नका.

लॅब कशी लावायची

लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन पुरतात, एक सर्व्हर एक क्लायंट. सेफने सुरुवात करू नका, त्याचं क्लस्टर उभं करण्यातच दमून जाल. एनएफएस घ्या किंवा सांबा सर्व्हर आणि एसएमबी क्लायंट घ्या, सर्व्हर दहा मिनिटात उभा राहतो. एसएमबीचा कोड आधी एफएस-स्लॅश-सीआयएफएसमध्ये असायचा, २०२३ पासून तो एफएस-स्लॅश-एसएमबी-स्लॅश-क्लायंटमध्ये गेला, त्यामुळे जुने लेख वाचून शोधत बसलात तर सापडणार नाही.

क्लायंट मशीनचं कर्नल स्वतः बिल्ड करा आणि कॉन्फिगमध्ये तीन गोष्टी चालू करा, केसॅन, प्रूव्ह लॉकिंग आणि डीबग ॲटॉमिक स्लीप. केसॅन म्हणजे फ्री झालेल्या मेमरीला कोणी हात लावला की लगेच ओरडते, पण त्यासाठी मेमरीचा आठवा भाग घेते आणि मशीन हळू करते, म्हणून क्लायंटला जरा जास्त रॅम द्या. लॉक म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, आणि प्रूव्ह लॉकिंग म्हणजे लॉकडेप, लॉक उलट्यासुलट्या क्रमाने घेतले तर खरा डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडकणं) व्हायच्या आधीच सांगते. तिसरं म्हणजे स्पिनलॉक, जो धरून झोपायला मनाई असते, तो धरून कोणी झोपलं तर पकडते. ही तीन चालू नसताना बग शोधणं म्हणजे वेळ घालवणं आहे, कारण फ्री झालेली मेमरी वाचली तरी बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, सगळं ठीक चालल्यासारखं वाटते आणि मग कुठेतरी भलत्याच ठिकाणी मशीन पडते.

मग नेटवर्क मुद्दाम बिघडवा. सर्व्हरच्या बाजूला टीसी कमांडने नेटेम लावा, ५०० मिलिसेकंद उशीर आणि ५ टक्के लॉस पुरे. तुम्ही त्याच इंटरफेसवरून एसएसएचने आत असाल तर तुमचं टर्मिनलही तेवढंच हळू होईल, म्हणून व्हर्च्युअल मशीनच्या कन्सोलवरूनच काम करा. एनएफएस माउंट करताना नोएसी ऑप्शन द्या, नाही तर क्लायंट ॲट्रिब्यूट कॅशमधूनच, म्हणजे फाइलच्या माहितीच्या जपून ठेवलेल्या प्रतीतूनच, उत्तर देत बसेल आणि तुमची विनंती वायरवर जाणारच नाही.

एक बग पूर्ण बघू

समजा फाइलची माहिती विचारणारी स्टॅट कमांड चालवली, क्लायंटने विनंतीचं एक स्ट्रक्ट (मेमरीतली नोंद) बनवलं, त्याला नंबर दिला, यादीत टाकलं, सर्व्हरला पाठवलं आणि उत्तराची वाट पाहत झोपला. उत्तर आलं की दुसरा थ्रेड तो नंबर बघून यादीतून स्ट्रक्ट शोधतो, लॉक सोडतो, आणि त्यात उत्तर भरतो. आता नेटेममुळे उत्तर उशिरा येऊन राहिलं आणि मधेच युजरने प्रोसेस मारली. झोपलेला थ्रेड जागा झाला, त्याला ईरीस्टार्टसिस (वाट पाहणं मधेच तुटल्याचा कोड) मिळालं, त्याने यादीतून स्ट्रक्ट काढलं आणि फ्री केलं. पण उत्तरवाल्या थ्रेडने ते आधीच शोधून ठेवलं होतं, लॉक सुटलेला आहे, आणि तो आता फ्री झालेल्या मेमरीत लिहून राहिला.

हे पकडायचं तर एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहा, स्टॅट सुरू करायचं, काही मिलिसेकंदांनी किल-९ मारायचं, वेळ दर वेळी रँडम, आणि रात्रभर चालू द्यायची. केसॅनचा रिपोर्ट आला की घाबरू नका, लांब दिसतो पण त्यात तीनच गोष्टी वाचायच्या असतात, मेमरीला चुकीचा हात कोणी लावला, ती घेतली कोणी, आणि फ्री कोणी केली. तिन्हींचे कॉल ट्रेस असतात. सोर्समधल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं डीकोड-स्टॅकट्रेस चालवलं की पत्त्यांच्या जागी फाइलचं नाव आणि ओळ नंबर येतो. फ्री करणारा आणि हात लावणारा वेगवेगळे थ्रेड दिसले की समजा रेस आहे, म्हणजे कोण आधी पोचतो त्यावर सगळं अवलंबून आहे.

आता दुरुस्ती. इथे बहुतेक जण घाईत एकच गोष्ट करतात, फ्री झाल्यावर पॉइंटर नल करायचा आणि वापरायच्या आधी नल आहे का ते तपासायचं. त्याने खिडकी लहान होते, बंद होत नाही, आणि पुढच्या माणसाला तो बग शोधणं दसपट अवघड होऊन बसते. बरोबर उपाय म्हणजे रेफरन्स काउंट. ज्याच्या ज्याच्या हातात स्ट्रक्ट आहे त्याचा एक काउंट, उत्तरवाला थ्रेड यादीत शोधतानाच, लॉक सोडायच्या आधी, काउंट वाढवेल, आणि प्रत्येक जण आपलं काम झालं की कमी करेल, शेवटचा जो असेल तो फ्री करेल. साधा ॲटॉमिक आकडा वापरू नका, रेफकाउंट-टी वापरा, ते २०१७ मध्ये ४.११ पासून आहे आणि काउंट शून्यावरून परत वर गेला किंवा ओव्हरफ्लो झाला तर वॉर्निंग देते.

तरी काम संपलं नाही. स्ट्रक्ट जिवंत राहिलं हे ठीक, पण उत्तर जर मारलेल्या प्रोसेसने दिलेल्या बफरमध्ये किंवा तिने लॉक केलेल्या आयनोडमध्ये (फाइलच्या कर्नलमधल्या नोंदीत) भरलं जाणार असेल तर ते आता सुरक्षित नाही कारण ती प्रोसेस निघून गेली. म्हणून विनंतीवर रद्द झाल्याची खूण लागते आणि उत्तर भरणाऱ्याने ती लॉकखाली बघावी लागते. सेफच्या क्लायंटमध्ये एमडीएस-क्लायंटची फाइल उघडा, तिथे अबॉर्टेड फ्लॅग आणि आर-फिल-म्युटेक्स हे नेमकं याच कामासाठी आहेत. सेफचा क्लायंट २०१० पासून, २.६.३४ पासून, कर्नलमध्ये आहे आणि असल्या प्रसंगांतून गेलेला कोड आहे, तो वाचणं म्हणजे अर्धं शिक्षण.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा, जो हमखास राहून जातो. क्लायंटने सोडून दिलं, पण सर्व्हरने ते काम केलं असेल तर? एमकेडीआयआर पाठवलं, सर्व्हरने डिरेक्टरी बनवली, उत्तर वाटेत हरवलं, क्लायंटने परत पाठवलं आणि आता सर्व्हर म्हणतो ही तर आधीच आहे. युजरला ईएक्झिस्ट दिसते आणि त्याला वाटते काही तरी गडबड आहे. एनएफएस ३ मध्ये सर्व्हर यासाठी अलीकडच्या उत्तरांची कॅश ठेवतो, पण त्याची हमी नाही. एनएफएस ४.१ मध्ये, म्हणजे २०१० च्या आरएफसी ५६६१ मध्ये, सेशन आणि स्लॉट आले, प्रत्येक स्लॉटला क्रमांक असतो आणि तोच क्रमांक परत आला तर सर्व्हर जुनं उत्तर जसंच्या तसं देतो. म्हणून मधेच थांबलेल्या विनंतीचा स्लॉट क्लायंटने कसा सोडला हे फार जपून बघावं लागते, तिथे क्रमांक चुकला की पुढचं सगळं बिघडते. तुमच्या पॅचने या भागाला हात लावला असेल तर ट्रेस-सीएमडीने एनएफएस आणि सनआरपीसीचे (एनएफएसच्या विनंत्या नेणाऱ्या थराचे) इव्हेंट रेकॉर्ड करा, सोबत नेटवर्कवरचे पॅकेट दाखवणारं वायरशार्क लावा, आणि वायरवर जे गेलं ते प्रोटोकॉलप्रमाणे आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दोष सर्व्हरचा की क्लायंटचा हे वायर बघितल्याशिवाय कधीच ठरवू नका.

बाकीच्या जागा, थोडक्यात

मेमरी कमी पडली की कर्नल डर्टी पेज, म्हणजे बदललेली पण अजून डिस्कवर किंवा सर्व्हरवर न गेलेली पानं, लिहून जागा मोकळी करायला बघते. आता तुमचा क्लायंट लिहितानाच मेमरी मागत असेल आणि जीएफपी-कर्नल फ्लॅगने मागत असेल, तर कर्नल परत तुमच्याच फाइल सिस्टिममध्ये शिरू शकते आणि तुम्ही धरलेल्या लॉकवर तुमच्याचसाठी थांबून राहते. म्हणून राइटबॅकच्या, म्हणजे ही पानं लिहिण्याच्या, वाटेवर जीएफपी-नोएफएस हवा, तो फाइल सिस्टिममध्ये परत शिरू देत नाही. २०१७ नंतरच्या कर्नलमध्ये त्यापेक्षा मेमॲलॉक-नोएफएस-सेव्ह आणि रिस्टोअर ही जोडी बरी, कारण ती आतल्या सगळ्या फंक्शनना लागू होते.

बाइट ऑर्डर, म्हणजे आकड्याचे बाइट कुठल्या टोकाकडून मांडायचे. एनएफएस वायरवर बिग एंडियन, सेफ आणि एसएमबी लिटिल एंडियन. आपले लॅपटॉप लिटिल एंडियन, म्हणून एसएमबीत कोणी हा क्रम बदलायचा विसरला तरी आपल्याकडे सगळं चालते आणि एस३९० या बिग एंडियन मेनफ्रेमवर तुटते. हे टेस्टने नाही सापडणार, कोड न चालवता तपासणाऱ्या स्पार्सने सापडेल, मेकला सी-बरोबर-२ देऊन तेवढीच डिरेक्टरी तपासा.

सर्व्हरवर विश्वास ठेवणं. उत्तरात लांबीचा आकडा आला, तो बफरमध्ये खरंच बसतो का हे न बघता कॉपी केलं तर बिघडलेला किंवा वाईट हेतूचा सर्व्हर तुमच्या कर्नलची मेमरी लिहू शकतो. उत्तर डीकोड करणारं प्रत्येक फंक्शन या एकाच नजरेने वाचून काढा, इथे नवीन माणसालाही खरे बग सापडतात.

एरर पाथमधली गळती. फंक्शनमध्ये चार गोष्टी घेतल्या आणि तिसऱ्यावर एरर आली, पहिल्या दोन परत केल्या का? फेलस्लॅब चालू करून मेमरी ॲलोकेशन मुद्दाम फेल करा आणि गळती शोधणाऱ्या केमेमलीकने बघा.

पॅच कसे वेगळे करायचे

आता दुरुस्ती झाली आणि हात शिवशिवतात, की त्याच फंक्शनमध्ये व्हेरिएबलचं नाव वाईट आहे, तीन आत-आत इफ आहेत, एक आर्ग्युमेंट कोणी वापरतच नाही. थांबा. दुरुस्तीचा पॅच तसाच एकटा राहू द्या. कारण साधं आहे, दुरुस्ती जुन्या स्टेबल कर्नलमध्येही जाते आणि तिथे नियम असा की संदर्भाच्या ओळींसकट पॅच १०० ओळींच्या आत असावा. तुम्ही त्यात नावं बदलली तर जुन्या कोडवर तो बसणारच नाही आणि ज्यांच्या मशीनवर तो बग आहे त्यांना दुरुस्ती मिळणार नाही. शिवाय दुरुस्ती आरसी (रिलीजच्या आधीच्या चाचणी आवृत्त्या) चालू असतानाही घेतात, क्लीनअप मात्र पुढच्या मर्ज विंडोसाठी, म्हणजे नवे बदल घेतात त्या काळासाठी, थांबतो. दोन्ही एकत्र केलं तर दुरुस्तीलाही थांबावं लागते. म्हणून पॅचच्या सिरीजमध्ये दुरुस्त्या आधी, क्लीनअप नंतर, हा क्रम उलटा कधीच नको.

गिट ब्लेम आणि गिट लॉग डॅश कॅपिटल एसने बग कुठल्या कमिटने आणला ते शोधा आणि फिक्सेस टॅगमध्ये त्या कमिटच्या हॅशची पहिली १२ अक्षरं आणि त्याची सब्जेक्ट लाइन द्या. कमिट मेसेजमध्ये काय बदललं ते सांगू नका, ते डिफमध्ये दिसतेच. कोणता थ्रेड काय करून राहिला होता, कोणत्या क्षणी काय चुकलं, युजरला काय दिसलं, हे लिहा. रेस असेल तर दोन थ्रेड शेजारी-शेजारी दोन कॉलममध्ये मांडा, रिव्ह्यू करणाऱ्याला एका नजरेत कळते.

क्लीनअपबद्दल माझं मत पक्कं आहे, वाचणाऱ्याचं डोकं हलकं होत असेल तरच करा. कर्नलमध्ये जे आधीच आहे त्यावर स्वतःचे मॅक्रो गुंडाळलेले असतील तर ते काढा, लस्टरमध्ये मेमरी घ्यायलासुद्धा स्वतःचे मॅक्रो होते आणि ते काढणारे पॅच खरंच उपयोगाचे होते. आत-आत गेलेले इफ सरळ करून शेवटी गोटूने साफसफाई करा, तिथेच गळती सापडते. एकच गोष्ट शेकडो जागी बदलायची असेल तर हाताने नाही, नमुना देऊन सगळीकडे कोड बदलणाऱ्या कॉक्सिनेलने करा आणि ती स्क्रिप्ट कमिट मेसेजमध्ये द्या. जुने एपीआय (कर्नलमधली तयार फंक्शनं) काढा, जसं आधी स्ट्रएलसीपीवायच्या जागी स्ट्रस्कॉपी आणून झालं, तसं पेजच्या जागी फोलिओ (पानांचा गट), पण फोलिओचा बदल वरवर सोपा दिसला तरी आकाराचं गणित बदलते, त्याला नीट टेस्ट करा. फंक्शन एका फाइलमधून दुसरीकडे हलवायचं असेल तर त्या पॅचमध्ये एकही अक्षर बदलू नका, बदल पुढच्या पॅचमध्ये.

सिरीजमधला प्रत्येक पॅच एकटा कंपाइल व्हायला पाहिजे आणि चालायलाही पाहिजे, नाही तर उद्या कोणी गिट बायसेक्ट करेल, म्हणजे बग कुठल्या कमिटने आला ते अर्ध्या-अर्ध्याने शोधेल, तो मधेच अडकेल. गिट रीबेसला एक्झेक ऑप्शनमध्ये मेक द्या, ते प्रत्येक पॅचवर थांबून बिल्ड करेल. नुसतं नाव बदललं असेल तर आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल डीबग माहिती काढून तुलना करा, मशीन कोड तोच आला तर तुमचा क्लीनअप खरंच नुसता क्लीनअप आहे याचा याहून चांगला पुरावा नाही.

टेस्टसाठी एक्सएफएसटेस्ट्स. नाव एक्सएफएसचं असलं तरी एनएफएस, सीआयएफएस, सेफ तिन्हींसाठी चालते, चेक स्क्रिप्टला डॅश एनएफएस द्या आणि आधी क्विक ग्रुप चालवा. पण तुमचा पॅच लावायच्या आधी एकदा चालवून निकाल जपून ठेवा, कारण नेटवर्क फाइल सिस्टिमवर काही टेस्ट मुळातच फेल होतात आणि ते तुमच्यामुळे झालं की आधीपासून होतं हे नंतर सांगता येत नाही. दुसऱ्या फेरीत नेटेम चालू ठेवून चालवा, वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

पाठवताना गेट-मेंटेनर स्क्रिप्ट ज्यांची नावं देईल त्यांना, साध्या टेक्स्टमध्ये, गिट सेंड-ईमेलने. उत्तराची घाई करू नका, मेंटेनर अमेरिकेत असला तर, न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे, आपली संध्याकाळ झाल्यावर तिकडे सकाळ होते. रिव्ह्यूत दहा गोष्टी सांगितल्या तर दहाही गोष्टींचं उत्तर त्यांच्या ओळीखालीच द्या, ज्या पटल्या नाहीत त्यांचं कारणासकट. दुसरी आवृत्ती पाठवताना व्ही२ लावा आणि काय बदललं ते तीन डॅशच्या खाली लिहा म्हणजे ते कमिटमध्ये जात नाही.

पॅच घेतला गेला तरी महिनाभर मेलवर लक्ष ठेवा. स्टेबलसाठी टॅग केलेला पॅच जुन्या कर्नलवर बसला नाही तर तुम्हालाच ऑटोमॅटिक मेल येते, की अमुक व्हर्जनवर लागला नाही, हवा असेल तर बॅकपोर्ट पाठवा. तो पाठवाच. जुन्या व्हर्जनची ट्री चेकआउट करा, चेरी-पिकला डॅश एक्स देऊन मूळ कमिटचा हॅश मेसेजमध्ये येऊ द्या, कॉन्फ्लिक्ट का आला ते दोन ओळीत लिहा आणि तीच किल-९ वाली स्क्रिप्ट त्या कर्नलवरही रात्रभर चालवून मगच पाठवा, कारण ऑफिसात, कॉलेजात, सर्व्हर रूममध्ये जे चालू असते ते बहुतेक तेच जुनं कर्नल असते.